एक मूठ

चावी हातात देताना मगदूम म्हणाला,
"टाकीचं एवढं मनावर घेऊ नका, मॅडम.
आठवड्याला एक मूठ पावडर, बास.
पाणी आरशागत ऱ्हातंय."
आणि पांढरी बादली ठेवली पायरीवर,
तिचं लेबल आधीच भिजून गेलेलं.

कुणाची मूठ, हे मी विचारलं नाही.

कळंब्याच्या अलीकडे, उसाला लागून बंगला,
मागे तीस बाय पंधराची निळी टाकी.
आधीचे मालक घाटगे. पुण्याला जाताना
सगळं समजावून गेले: इन्व्हर्टर, गेटची कुरकुर,
आंब्याचं पाणी कधी तोडायचं.
टाकीबद्दल एवढंच, "पोरं लई खेळली हो हिच्यात."

फेब्रुवारी बरा गेला.
मग कड निसरडी झाली, मग पाणी पिस्त्याच्या रंगाचं,
मग पायरीची दुसरी फरशी दिसेना.

खोत म्हणाले, तुरटी फिरवा.
इर्शाद प्लंबर म्हणाला मोरचूद,
द्राक्षावर मारतात तोच.
मगदूम फोनवर, "मग दोन मुठी."
मी दोन टाकल्या. मग तीन.
भाच्याचे डोळे लाल झाले,
वासानं मांजर भिंतीवरूनच परत फिरलं.
मला वाटलं, औषध लागू पडतंय.

मला वाटलं! जी शिरोलीच्या फाउंड्रीत
अठरा वर्षं लॅबमध्ये बसते,
जिच्या सहीशिवाय भट्टीतला रस ओतत नाहीत,
कार्बन, सिलिकॉन, गंधक,
दशांशानंतरचे दोन आकडे आले नाहीत
तर लॅडल तिथंच अधांतरी थांबते.
ती मी, रविवारी पदर खोचून
अंदाजानं पाणी शिजवत होते.

आमच्या मोल्डिंगचे गुंडूमामा वाळू मुठीत दाबतात,
ढेकूळ मोडून त्याचा काठ बघतात,
म्हणतात, "अर्धा टक्का पाणी चढ."
यंत्र लावा, तेवढंच निघतं.
पण ती मूठ तेहतीस वर्षांची.
माझी चार महिन्यांची, तीही उसनी.

महापालिकेच्या टँकवरून निवृत्त झालेले हिंदुराव साळोखे
फाटकातूनच थांबले, नाक वर करून.
"वास मारतोय म्हंजे औषध जास्त न्हवं, बाई.
कामाचं औषध संपलंय."

त्या रात्री जेवणाच्या टेबलावर ब्युरेट लावली.
बोअरचं पाणी जड, पीएच आठ पूर्णांक चार.
आणि त्या पावडरीच्या प्रत्येक मुठीत
औषधाबरोबर एक छत्री होती, उन्हापासून त्याला जपणारी.
औषध खर्ची पडलं, छत्र्या उरल्या.
इतक्या, की आता नवं औषध टाकलं
तर ते सावलीतच बसून राहतं.
नळीच्या तळाचा काळा ठिपका
दोन बोटं पाण्यातच बुडाला.
याला उतारा नाही. अर्धं पाणी सोडून द्यायचं,
मे महिन्यात, बोअर उचक्या देत असताना.

मगदूमला विचारलं तेव्हा, कुणाची मूठ?
तो बराच वेळ गप्प. मग,
"आमास्नी बी कंपनीवाल्यानं असंच सांगिटलंतं."
झाकली मूठ सव्वा लाखाची.
उघडली तर आत दुसरी, तिच्या आत तिसरी,
आणि सगळ्यात आत कुणाचाच हात नाही.

पाणी उतरत होतं तशी पंपाच्या खोलीत गेले,
व्हॉल्व्ह बघायला. फिल्टरच्या मागे, भिंतीवर
पेन्सिलीनं तारखा. प्रत्येक तारखेपुढे दोन आकडे.
बारीक, बाईमाणसाचं अक्षर.
एके ठिकाणी, "पोरांच्या परीक्षा, टाकी बंद."
शेवटची नोंद सहा वर्षांपूर्वीची, श्रावणातली.
त्याखाली कोरा चुना.

घाटगे काही बोलले नव्हते.
त्यांनी या फिल्टरमागे कधी
वाकून पाहिलं असेल, असं वाटत नाही.

मी आजची तारीख घातली.
आकडा चांगला नव्हता.
तोही लिहिला.