शेवटची पायरी

आब्रेव आणि धुमे, वास्तुकार.
म्हापशात, औषधांच्या दुकानावरची माडी.
त्रेपन्न साली पाटी लागली तेव्हा मी शाई घोटायचो,
पुढं ट्रेसर झालो.

आब्रेव लिस्बनचा शिकलेला, मीटरात विचार करायचा.
धुमे मुंबईचा. त्याला विचारलं, जेवण कसं झालं,
तर म्हणायचा, दोन सूत कमी.
दोघांच्या टेबलांमध्ये माझं टेबल,
खणात घडीवर फाटलेला तक्ता:
एक फूट म्हणजे तीस पूर्णांक अठ्ठेचाळीस.

उन्हाचं माप मात्र दोघांचं एकच.
चिऱ्याची भिंत, तिच्यात सिमेंटची जाळी,
पश्चिमेचा छज्जा हातभर पुढं.
भांडायचे, एक कोकणीत, एक मराठीत,
आणि पालिकेला अर्ज जायचा पोर्तुगीजमध्ये,
एकसष्टच्या डिसेंबरपर्यंत.

चौसष्टला डॉक्टर कुंदे यांचं प्रसूतिगृह.
जिना देखणा होता, हे मी अजून म्हणतो:
कुठंही खांबाला न टेकता वळलेला.
फक्त वरून उतरताना शेवटची पायरी
सव्वा इंच बुटकी.
पहिल्याच आठवड्यात एक बाई अडखळली,
दिवस भरलेली.
पडली नाही.
पण कचेरीत त्या संध्याकाळी
'तुझे मीटर', 'तुझे इंच',
आणि नंतर जे बोलले त्यात मापं नव्हती.

आब्रेवच्या कच्च्या नकाशात सतरा होतं.
त्याचा सात, पोटात आडवी रेघ असलेला,
मी चार वाचला.
हे मला त्याच रात्री कळलं.
तक्त्याखाली तो कागद सरकवला
आणि खण लावून घेतला.

आब्रेव मुंबईहून बोटीत बसला.
धुमेनं पाटी काढली नाही.
बावीस वर्षं प्रत्येक नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात
मी आधी आब्रेव लिहायचो, मग धुमे.
असंच लिही, म्हणाला होता. का, ते नाही.

पायरी कुणी तोडली नाही.
नर्सा प्रत्येकीला सांगायच्या,
सांभाळून गो, शेवटची ल्हान आसा.
अर्धं म्हापसं त्या वाक्यानंतर घरी गेलं,
दुपट्यात गुंडाळून.

आता इमारत पाडायची आहे.
मोजणीला एक मुलगी आली,
मुठीतल्या यंत्राचा लाल ठिपका पायऱ्यांवरून उतरवत.
सतरा, सतरा, सतरा, चौदा.
'आजोबा, ही मुद्दाम अशी ठेवली होती का?'

मी सांगायला लागलो. पहिल्यांदाच, खणापासून.
'एक मिनिट हं,' ती म्हणाली,
आणि ठिपका पुन्हा
त्याच पायरीवर धरला.