दोघांनी मोजायचं

दानाच्या थैलीतले पैसे
भिंगारदिवे काका कधीच एकटे मोजत नाहीत.
उपासना संपली की वेस्ट्रीचं दार उघडं ठेवून
समोर कुणाला तरी बसवतात,
बोट ओल्या स्पंजला लावून
दहाच्या, विसाच्या, चुरगळलेल्या पन्नासच्या नोटा
इस्त्री केल्यागत सरळ करतात.
चाळीस वर्षं गोदीत हिशेबनीस होते.
म्हणतात, चोरीची भीती नाही गं,
एकट्या माणसाला आकडे फसवतात.

त्या रविवारी समोर मी होते.
थैली उलटी केली आणि फोन वाजला.
पुन्हा वाजला.
पाचव्यांदा उचलला, तर कुणी पोरगा
माझ्या नवऱ्याचं नाव
शिवीसारखं उच्चारत होता.

बाटली नव्हती. बाई नव्हती. जुगार नव्हता.
मरियनच्या दृढीकरणाचं जेवण होतं.
माझगावचा हॉल, दोनशे माणसं, बिर्याणी,
आणि पांढऱ्या फ्रॉकवर माझ्याच हट्टाची लेस.
मी तेव्हा साऱ्या मंडळीला सांगत सुटले होते,
देवानं पुरवलं!
पुरवलं होतं एका ॲपनं, दोन मिनिटांत.
ते फेडायला दुसऱ्यानं,
दुसरं झाकायला तिसऱ्यानं.
रूबेन रात्री संडासात बसून
एकटाच मोजत होता.

आणि मी?
मी दर एक तारखेला दहावा हिस्सा
शिलाईच्या डब्यात ठेवत होते, ताठ मानेनं.
दहावा देवाचा, हे पाठ होतं.
उरलेले नऊ कुणाचे,
ते कुठे जातात,
हे विचारायचं कधी सुचलंच नाही.

संध्याकाळी काका घरी आले.
मी म्हटलं, प्रार्थना करा.
करू, म्हणाले. आधी बेरीज.
बेरीज न करता मागणं म्हणजे
देवाकडून कोऱ्या चेकवर सही घेणं.
मग भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून
गेल्या महिन्याच्या पाठीवर
आम्ही तिघांनी आमची लाज मांडली,
व्याजासकट.
रूबेनचं पेन दोनदा थांबलं.
काका खिडकीबाहेर बघत राहिले,
जणू समोरच्या गच्चीवरची टाकी
पहिल्यांदाच दिसत होती.

दशांश थांबवू का? मी विचारलं.
बराच वेळ चष्मा पुसत बसले.
ते तुम्ही दोघं गुडघ्यावर ठरवा.
पण एकाचं बुडवून दुसऱ्या हातानं वाहिलेलं
मला मोजायला जड जाईल, बाळा.

मोटरसायकल गेली.
नाताळचे कपडे गेले, करंज्या राहिल्या.
डब्यात काही महिने दहावा नव्हता,
विसावा होता, एकदा तर नुसती नाणी.
नोट पडते तेव्हा थैली गप्प असते,
नाण्याचा आवाज होतो.
मला वाटलं सगळं देऊळ वळून बघेल.
कुणी बघितलं नाही.

सोळा महिने झाले.
दोन कर्जं संपली, तिसरं अजून कण्हतंय.
दर शनिवारी रात्री
मी लिहिते, रूबेन वाचून दाखवतो,
मरियन कॅलक्युलेटर सोडत नाही.
काल चाळीस रुपये जुळेनात.
दूध पुन्हा मोजलं, रिचार्ज पुन्हा मोजला.
रूबेननं घसा खाकरला.
दोन वडापाव, म्हणाला. स्टेशनबाहेर. भूक लागली होती.

मी लिहिलं: वडापाव, चाळीस.
जिन्यावरून कुणीतरी वर चढत होतं.
दार उघडंच होतं.