लाईट गेल्यावर

अशोक चौकात म्हणतात, स्टेशन आता बदलणार.
जुनी गाणी बंद, दिवसभर रिमिक्स.
गुर्रमचा जावई म्हणतो, छे, भजनं;
भजनांना जाहिरात मिळते.
जाहिराती तर कधीच्या आटल्या :
एक शेंगाचटणी, एक मूळव्याधीचा डॉक्टर,
मधे स्टेशनचं स्वतःचंच नाव, चारचारदा.

आम्हाला काय. माग चालू असले की
कुठलंही गाणं खटखटच.
ऐकू येतं ते लाईट गेल्यावर,
सेलवर.

काल दुपारी गेली.
धोटे थांबले. रेडिओत गाणं नव्हतंच.
निवेदक खोकला, कागद चाळले,
कुणाला तरी हळूच म्हणाला, आमच्या तेलुगूत :
चहा सांग. दोनच.

नरसम्माचा हात कांडीवर तसाच.
लाईट आली,
तरी बटण कुणी दाबेना.