मुसकं

पंचायतीत दोन मशीन.
एकावर गजू लांजेवारनं घाटंजीहून आणलेली विंडोज,
सीडीवर स्केचपेननं नाव, पैसे न दिलेली.
दुसऱ्यावर ढोके मास्तरनं रात्र जागून टाकलेलं लिनक्स.
त्याच्यापुढं कोणी बसत नसे.

पानठेल्यावर दोघांचं रोजचंच.
गजू म्हणे, "मास्तर, तुमच्या पेंग्विनले प्रिंटरच दिसत नाही."
मास्तर म्हणे, "तुह्या खिडकीतून अख्खं गाव दिसून राह्यलं, बावा."
ऐकणारे खर्रा घोटत बाजू वाटून घेत,
जसं याचं बियाणं या कंपनीचं, त्याचं त्या,
अन् अळी दोघांच्याही बोंडात.

मधे मी. प्रणोती खोब्रागडे, ऑपरेटर.
महिना सात हजार, तेही तीन महिन्यांनी.
धूळ मात्र दोन्ही मशीनची मीच पुसते.

पोळ्याच्या चार दिवस आधी विंडोज बसली.
घरकुलाची यादी उघडेना,
पडद्यावर कोणीतरी डॉलर मागत होतं.
नमुना आठ आमच्या गावाचा,
कुलूप कुठल्या देशाचं कोण जाणे.

गजू म्हणाला, मास्तरचीच नजर लागली.
मास्तर म्हणाले, मी सांगतलं होतं.
मी गप्प.
कोणी भिंत फोडून आलं नव्हतं.
लग्नपत्रिका म्हणून कोणीतरी एक फाइल उघडली,
मशीननं विचारलं, खरंच?
अन् आम्ही तर सगळेच मालक.
एकच नाव, एकच पासवर्ड, एक दोन तीन चार,
तोही मॉनिटरला चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठीवर.
मालक हो म्हणाला की मशीन बिचारं काय करेल.

मास्तरच्या मशीनचं वेगळं नव्हतंच.
शाळेतल्या पोट्ट्यांना गेम टाकायला
रूटचा पासवर्ड देऊन ठेवलेला.
रूट म्हणजे मूळ, ते कौतुकानं सांगायचे.
मग मूळ कोणी प्रसादासारखं वाटतं का, सर?
सर खर्रा थुंकायला बाहेर गेले.

गजूच्या पेनड्राइव्हवर मार्चची प्रत सापडली.
पुढचं सारं मी पुन्हा टाइप केलं.
मग एका रात्री, लाइट अकराला आली तेव्हा,
बसून खाती पाडली.
ग्रामसेवकाचं एक, रोजगार सेवकाचं एक,
माझं सगळ्यात लहान.
लिहिता येईल, वाचता येईल,
नवं काही बसवता येणार नाही.
आपलेच हात आपण बांधताना
वाटलं थोडं.
पण डवऱ्याच्या बैलाला बाबा मुसकं बांधायचे
ते काही तो चोर आहे म्हणून नाही.
पीक उभं असतं म्हणून.

मग सरपंच आले.
म्हणजे सरपंचबाईंचे यजमान, भाऊराव मडावी,
बाईंच्या सहीची पेनड्राइव्ह खिशात,
चुन्याच्या डबीजवळ.
"मोठा पासवर्ड दे वं पोरी."
"तुमचं खातं आहे ना, काका. पाहा सगळं. बदलता येणार नाही."
"अन् बदलवाचं असलं तं?"
"तर बाईंना विचारा."
पंखा तेवढा कुरकुरला.

यमुनाबाई दुसऱ्या दिवशी एकट्या आल्या.
चप्पल दाराबाहेर, सवयीनं.
मी खुर्ची सरकवली, कीबोर्ड दिला,
अन् तोंड भिंतीकडं केलं.
एका बोटानं, सावकाश, टक... टक...
दोनदा टाकावं लागतं. दुसऱ्यांदा चुकल्या, हसल्या,
पुन्हा पहिल्यापासून.
"तुले नाई सांगत," म्हणाल्या.
"नकाच सांगू."

पानठेल्यावर अजून चालूच आहे.
गजूकडं नवी विंडोज आली, तीही तशीच.
मास्तरच्या पेंग्विनला आता प्रिंटर दिसतो,
पण शाई नाही.
पेनड्राइव्ह? ती खिशातच आहे अजून.

परवा भाऊराव मशीनपुढं बसले होते.
पडद्यावर रिकामा चौकोन, आत रेघ लुकलुकती.
एक दोन तीन चार टाकून झालं असावं.
बाई आल्या, फाइल काखेत,
चप्पल पायातच.
"सरका जरा," म्हणाल्या.