काटा

सकाळी नऊ वीसला, आयाकाराच्या खाडीवर,
तेलाच्या दाबाचा काटा हिरव्यातून निघाला
आणि शून्यावर जाऊन बसला.
थरथर नाही, घाई नाही,
दमलेला माणूस बाकावर टेकतो तसा.

डायलवरचा काटा पडला
आणि माझ्या अंगावरचा उभा राहिला.

मागे डोन्या उर्सुलिना,
मांडीवर धुरावर सुकवलेल्या शिंपल्यांच्या माळा,
दात काढायला पुएर्तो मोन्तला निघालेली.
तिने विचारलं, काही झालं का?
मी म्हटलं, नाही.
नाही म्हणण्याइतकी माहिती माझ्यापाशी नव्हती.

काटा म्हणत होता, तेल संपलं.
तसं असेल तर पुढचं सगळं मिनिटांत मोजायचं.
पण तेलाचं तापमान जागचं हललं नव्हतं,
इंजिन ओल्या लाकडावरच्या करवतीसारखं
एका सुरात चाललं होतं,
आणि खाली ते पाणी,
ज्यात कोणी दहा मिनिटांहून जास्त पोहत नाही.

नोल्बेर्तो ओयार्सोच्या खणात
अकरा मेलेले सेन्सर आहेत.
प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी.
‘मे. ३१२ तास. शून्य दाखवलं. दाब ठीक होता.’
‘ऑगस्ट. ९० तास. थंडीत नाचला. तार गंजलेली.’
‘पुन्हा ऑगस्ट. काय सांगू.’
अंगठ्याएवढं पितळ, पोटात एक पातळ पडदा.
त्याला आम्ही इंजिनाच्या पाठीवर स्क्रूने आवळतो,
दिवसभर हादरे खायला लावतो
आणि वर म्हणतो, खरं बोल.

मी त्याला एकदा म्हटलं होतं,
लांडगा आला रे आला, यांचं रोजचंच.
तो हात पुसत म्हणाला,
त्या गोष्टीत शेवटी लांडगा येतो, एडेलमीरा.
मग त्याने वरच्या फळीवरून चहाची डबी काढली.
तीत एकटाच एक.
‘हा कधी ओरडला नाही.
तेल सगळं गळून गेलं
तरी हिरव्यातच राहिला.’
चिठ्ठी होती. त्याने ती वाचू दिली नाही.
हँगरच्या दारावर दोन भावांची नावं आहेत,
रंग एकाच दिवशी दिलेला,
आणि कामाला एकटाच ओयार्सो येतो.

मी बुईलच्या खडीच्या पट्टीकडे वळले.

उतरलो. एक कुत्रं, दोन मेंढ्या, पाऊस.
झाकण उघडलं, दांडी ओढून पाहिली:
तेल खुणेपर्यंत, मधाच्या रंगाचं.
कुठे एक थेंब गळलेला नाही.
सेन्सरची तार तेवढी सुटून लोंबत होती.

‘म्हणजे काही झालं नव्हतं,’ डोन्या उर्सुलिना म्हणाली.
नाही, मी म्हटलं. या वेळी माहिती होती.
दाताच्या डॉक्टरची वेळ टळली, माफ करा.
तिने माळेतला एक शिंपला तोडून मला दिला,
एक स्वतःच्या गालात धरला, बऱ्या बाजूच्या.
‘परवापासून दुखायचा थांबलाय तो.
म्हणून तर निघाले.’

ओयार्सो दुपारी होडीने आला,
कोटाच्या खिशात नवा सेन्सर, दोरा, कोरी चिठ्ठी.
तारीख लिहिली. तास विचारले, लिहिले.
मग पेन्सिल माझ्याकडे दिली.

मी बराच वेळ तशीच उभी.
कागदावर पावसाचे दोन थेंब पडले.
शेवटी लिहिलं, ‘ओरडला.’