भाग क्रमांक एकसष्ट

खोक्यावरचा समुद्र उंदरांनी कुरतडलेला होता.
जहाज मात्र शाबूत,
सगळी शिडं फुगवून
कोपऱ्यातल्या किमतीच्या चिठ्ठीकडे निघालेलं.

मेल ड्रायव्हर ऑब्री डिक्रूझ पर्थला निघाले त्या साली
भुसावळच्या रेल्वे कॉलनीत, त्यांच्या ओट्यावर
विकायला मांडलं होतं सगळं:
केकची भांडी, एका पायाचा ग्रामोफोन,
बंदूक नसलेली बंदुकीची पेटी, आणि हे.
पंधरा रुपये. मी दहा म्हणालो.
बाई म्हणाल्या, ने, पण बनव.
ह्याने नुसतंच ठेवलं.

मीही नुसतंच ठेवलं.
सत्तेचाळीस वर्षं, कवळ्यांच्या साच्यांमागे.

मी दात बनवतो. डॉक्टर मापं पाठवतात,
मी हसणं पाठवतो, उधारीवर.
पहिला मोतीबिंदू काढला त्या हिवाळ्यात
दुसरा पिकायच्या आत
खोका उघडला.

चौकटीतून तुकडा पिळून काढायचा नसतो, कापायचा असतो,
हे मला कुणी सांगावं लागलं नाही.
पोटाचे दोन अर्धे भाग चिकटवून
रबरबँडने रात्रभर आवळून ठेवले.
सकाळी बोट फिरवलं: प्लॅस्टिकवर लाकडाच्या रेषा,
कुठल्या झाडाच्या, कोण जाणे.

दोर ओवायला प्रमिलाचा फॉल-पिकोचा दोरा,
मेण लावून.
तिने मोजला. साडेअकरा मीटर, म्हणाली,
एवढ्यात चार साड्या झाल्या असत्या.

शिडं पातळ, पिवळी पडलेली,
विडी ओढणाऱ्याच्या दातांसारखी.
त्यांच्यात वारा साच्यातच ओतलेला.
केवढा, कुठल्या अंगाने,
कारखान्यातल्या कुणीतरी एका दुपारी ठरवलं असणार.
तो अजून पडलेला नाही.

एकसष्ट नंबर नव्हता.
खोका उलटा केला, झटकला, उंदरांच्या लेंड्याही चाळल्या.
कागदावर तो दिसतो: मागच्या डोलकाठीच्या पायाशी
तीन भोकांचं चपटं बटण, त्यातून दोर ताणायचे.
त्याला काय म्हणतात म्हणून
रत्नागिरीच्या व्याह्यांना फोन केला.
ते म्हणाले, आम्ही आंब्यातले.

मग मी हिरड्यांचा मसाला कालवला.
वाटाण्याएवढा. सुईने तीन भोकं.
काळा रंग संपलाय, असं प्रमिलाला सांगितलं.
बाटली अर्धी होती.

आता ते दुकानाच्या काचेत असतं,
वरच्या जबड्यांच्या आणि खालच्या जबड्यांच्या मधे.
धूळ बसते. जुन्या टूथब्रशने काढतो.
शाळेतली पोरं काचेला नाक लावून तोफा मोजतात,
दर वेळी वेगळ्या येतात.
पारोळ्याच्या एक आजीबाई, तोंडात एक दात नाही,
बराच वेळ बघत राहिल्या.
हाई पानीवर चालस का?
नाही, आजी.
मंग?
मंग काय, म्हटलं, आ करा.

फोटो काढलाय. गुलाबी बाजूने.
पर्थमध्ये डिक्रूझ किती असतील,
आणि त्यातल्या किती बायका हयात.

मे महिन्यात सेहेचाळीसच्या वर पारा गेला
तेव्हा मधली डोलकाठी कलली,
वादळात कलते तशी नाही,
मेणबत्ती कलते तशी.
गरम पाण्याच्या फडक्याने सरळ करता येईल.
करीन.

सध्या कूलर तिच्याकडे वळवलाय.
वाळ्याचा वास, टाकीत पंपाची खळखळ,
दोऱ्या सगळ्या थरथरतात
आणि शिडं फुगलेली राहतात
कूलरच्या दिशेने,
थेट वाऱ्याच्या तोंडावर.