उताराकडे पाठ

ह्या जमिनीला आमच्याकडे गंगानी म्हणतात.
कुदळ मारली की ती आधी बोलते,
मग फुटते.
उलट्या परातीवर मारल्यासारखा आवाज
पलीकडच्या गावापर्यंत जातो
आणि तिकडच्या बाया म्हणतात, लागल्या कामाला.

देलू माझी सवत.
नवरा आबिजानला, तिसरं वर्ष,
कुणाच्या तरी फाटकावर राखण करतो.
त्याचा आवाज फोनमधून येतो, दोघींना मिळून एक.
"कशा आहात?" विचारतो अनेकवचनात,
म्हणजे दोनदा विचारायला नको.

दोरी दोन मीटरची.
एकीने मधे उभं राहायचं, खुंटीसारखं,
दुसरीने दोरी ताणून टाचेने रेघ ओढत जायचं.
अर्धंच फिरायचं, पुरं नाही,
म्हणून ह्या खड्ड्याचं नाव अर्धा चंद्र.
सहा वर्षं एका अंगणात दोन चुली,
आणि मी देलूभोवती फिरले ती अशी,
भर उन्हात, मापाने,
तिने दोरीचं टोक पोटाशी धरलेलं.

तोंड चढाकडे, पाठ उताराकडे.
निघेल ती माती सगळी पाठीला लावायची,
वर दगड दाबायचे.
पाणी वरून येईल, बसेल, मुरेल, असं साहेब सांगतो.
देलू म्हणते, पाहुण्यासारखं.
मी म्हणते, पाहुणा कुठला,
जुनी उधारी वसूल करतोय आपण.
इतकी वर्षं दारावरून पळत गेलं
आणि जाताना माती घेऊन गेलं.

दिवसाला दोन चंद्र. कधी अडीच.
अर्ध्याचे पैसे देत नाहीत.

पाऊस आला तो रात्री, धुळीच्या भिंतीमागून,
सूपभर बाजरी पाखडून होईल इतकाच वेळ.
सकाळी टेकडी नेहमीसारखी, लाल, कडक,
जणू काही झालंच नाही,
फक्त नव्वद ठिकाणी पाणी बसलेलं,
गढूळ, चहाच्या रंगाचं,
वर शेळीच्या लेंड्या तरंगत.

ते मुरल्यावर रोपं लावली. डिंकाची बाभूळ,
काळ्या पिशवीतली, वीतभर.
अकरा माझी, अकरा देलूची.

मग बावीस दिवस काही नाही.

देलू रोज संध्याकाळी जायची,
कोपरापर्यंत हात मातीत घालायची,
बाहेर काढून बोटं हुंगायची, माझ्याही नाकाशी धरायची.
पंधराव्या दिवशी हात कोरडा आला.
तिने तो पाठीमागे घेतला, मला दाखवला नाही.

मोजणीला चाईबू आला, मोटारसायकलवरून,
वहीत दोन रकाने घेऊन: जिवंत, मेलं.
माझी सात जिवंत.
देलूची चार.
तिच्या नवव्या खड्ड्यात तो वाकला,
काडी चिमटीत धरून मोडून बघितली, लिहिलं, मेलं.
आणि त्या काडीच्या शेजारी, बांधाच्या कुशीत,
दोन पानं. बोराची.
कुणी लावली नव्हती.
शेळीने कुठेतरी खाल्लं, टेकडीवर टाकलं,
पाण्याने खाली आणून ठेवलं.
तीच शेळी,
जिला आम्ही सगळा हंगाम दगड मारले.

हे लिही, देलू म्हणाली.
ह्याला रकाना नाही, चाईबू म्हणाला,
लावलेलं असेल तेच मोजायचं.
आणि चुकलं असावं तसं हळूच
पेनाला टोपण लावलं.

तो गेल्यावर आम्ही काटेरी फांद्या ओढून आणल्या.
देलूने गोल केलं, ह्या वेळी पुरं गोल.
माझ्या तळहातात काटा मोडला,
तिने तो दातांनी काढला, थुंकला,
आणि पुढची फांदी उचलली.

रात्री आबिजानचा फोन.
किती जगली?
बारा, मी म्हणाले.
बारा, देलू म्हणाली, त्याच क्षणी.

लाइनमध्ये आवाज घुमतोय,
तो म्हणाला.